पहिला नंबर आला, तरीही...

कॅम्पसचा सीझन सुरू झाला की लेडीज होस्टेलच्या मेसमध्ये एकच विषय असतो. ॲप्टिट्यूडला किती जणी निघाल्या, टेक्निकलला काय विचारलं आणि एचआरला काय विचारलं! टेक्निकलचे प्रश्न मुला-मुलींना सारखेच असतात. एचआरला मात्र मुलींच्या वाट्याला एखादा जादा प्रश्न येतोच. लग्नाचं काय ठरलंय? साइटवर पाठवलं तर जाल का? घरचे सोडतील का? शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाला हे कुणी विचारत नाही. रात्री मेसमध्ये आपण त्यावर खूप हसतो आणि नंतर रूमवर जाऊन जरा गप्प होतो.

मित्रमैत्रिणींनो, हा जादा प्रश्न काही आजचा नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या एका मुलीला तो आयुष्यभर पुरला. परीक्षा तिनं सगळ्या दिल्या, पासही झाली. पण दरवेळी निकालानंतर कुणीतरी नियमाचं पुस्तक उघडायचं आणि त्यात ‘स्त्री’ हा शब्दच नाही म्हणायचं. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियाचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिकला झाला. वडील सोराबजी खरसेटजी मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते मिशनरी झाले. आई फ्रान्सिना हिला फोर्ड नावाच्या एका इंग्रज दांपत्यानं वाढवलं होतं. त्या इंग्रज बाईंचं नाव कॉर्नेलिया, तेच या मुलीला ठेवलं गेलं. बालपण बेळगाव आणि पुण्यात गेलं. आईनं पुण्यात शाळा काढल्या. घरात बहिणीच बहिणी आणि भाऊ एक. त्या काळात इतक्या मुली म्हणजे घरावर ओझं असं लोक धरून चालत. या घरात मात्र प्रत्येक मुलीनं शिकायचं आणि काहीतरी करून दाखवायचं असा दंडक होता. पुण्याचं सेंट हेलेना हायस्कूल सुरू करणारी सुसी सोराबजी ही तिचीच बहीण. दुसरी बहीण ॲलिस डॉक्टर झाली.

वकिलीचं वेड डोक्यात कुठून शिरलं याची एक गोष्ट कॉर्नेलियानं आपल्या आठवणींत सांगितली आहे. ती लहान असताना एक श्रीमंत विधवा तिच्या आईकडे रडत आली. बाई पडद्यात राहणारी, त्यामुळे परक्या पुरुषाशी बोलायची सोय नाही. सगळी मालमत्ता कारभाऱ्याच्या हाती. त्यानं कागदावर सही घेतली आणि तिची इस्टेट गिळली. वकिलाकडे जावं तर वकील पुरुष! म्हणजे जिला कायद्याची सगळ्यात जास्त गरज, तिलाच कायद्यापर्यंत पोचता येत नव्हतं. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शिक, असं आईनं मुलीला सांगितलं. पोरीनं ते मनावर घेतलं.

पण शिकायचं कुठं? मोठ्या बहिणींसाठी वडिलांनी मुंबई विद्यापीठाचं दार ठोठावून पाहिलं होतं, ते उघडलं नव्हतं. कॉर्नेलियाच्या वेळेपर्यंत ते किलकिलं झालं आणि ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. टिळक, आगरकर जिथं शिकले तेच हे कॉलेज. सगळ्या मुलांत ही एकटी मुलगी. काही विद्यार्थी ती आत येऊ नये म्हणून वर्गाचं दार लावून घेत. आपल्याकडे मेकॅनिकलच्या वर्गात एखादीच मुलगी असते तेव्हा मागच्या बाकावरून काय काय आवाज येतात ते आठवा, म्हणजे थोडीफार कल्पना येईल.

तो काळही डोळ्यांपुढे आणायला हवा. अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टानं रखमाबाईंना, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल दिला. 1888 मध्ये आगरकरांचं ‘सुधारक’ सुरू झालं. पुण्यात स्त्रीशिक्षणावर नुसती धुमश्चक्री चालू होती. त्या धामधुमीत ही मुलगी बी.ए.च्या परीक्षेला बसली आणि आपल्या तुकडीत पहिली आली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर.

खरी मेख इथंच आहे. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी स्कॉलरशिप मिळायची. अर्ज, इंटरव्ह्यू, ओळखपाळख असली काही भानगड नव्हती. मार्कांवर ती आपोआप मिळायची. कॉर्नेलियाला मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती! स्कॉलरशिप देताना बाई पहिली येऊ शकेल हे कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं.

ती रडत बसली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिला इंग्रजी शिकवायची तात्पुरती नोकरी मिळाली. वय बाविशीच्या आसपास आणि समोर वर्गभर पुरुष विद्यार्थी. ती शिकवत राहिली. इकडे इंग्लंडमध्ये तिच्यावर झालेल्या अन्यायाची चर्चा सुरू झाली. लेडी मेरी हॉबहाउस यांनी पुढाकार घेऊन वर्गणी जमवली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. 1889 मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोचली. जी गोष्ट हक्कानं मिळायची ती अखेर लोकवर्गणीतून मिळाली.

ऑक्सफर्डला कायदा शिकणारी बाई त्याआधी कुणी पाहिली नव्हती. बॅलिऑल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी तिला खूप मदत केली. बी.सी.एल. ही कायद्याची वरची परीक्षा. तिला बाईनं बसायचं म्हणजे विद्यापीठाचा खास ठराव हवा. मित्रमंडळींनी अर्जविनंत्या करून तो मंजूर करून घेतला आणि 1892 मध्ये ती परीक्षा देणारी कॉर्नेलिया पहिली स्त्री ठरली. ती पास झाली, पण पदवी मिळाली नाही! ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. म्हणजे सगळी सेमिस्टर्स क्लिअर, सगळे सबमिशन पूर्ण, आणि कॉन्व्होकेशनच्या दिवशी तुमच्यासाठी सर्टिफिकेटच छापलेलं नाही! त्या कागदासाठी तिनं किती वर्षं वाट पाहिली ते पुढं येईलच.

भारतात परतल्यावर तर गंमतच झाली. ऑक्सफर्डचा कायदा शिकलेली, पण सनद नाही. काठियावाडातल्या आणि इंदूरकडच्या संस्थानी कोर्टांत तिला खास परवानगीनं काही कामं मिळाली. त्यातलं एक प्रकरण तिनं मोठ्या मिस्कीलपणे सांगितलं आहे. एका राजानं हत्तीसाठी लावून दिलेलं उत्पन्न पुढच्या पिढीतल्या राजानं बंद केलं. कॉर्नेलिया हत्तीची वकील! न्यायाधीश म्हणून बसलेले स्वतः राजेसाहेबच. बाईंचं म्हणणं नीट ऐकण्याआधीच त्यांनी निकाल तिच्या बाजूनं दिला. का, तर महाराजांच्या कुत्र्याला ही बाई आवडली! दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. कॉर्नेलियाला वाईट वाटलं. एवढा अभ्यास करून आलेल्या माणसाला आपलं म्हणणं कुणीतरी ऐकून घ्यावं असं वाटतं. संस्थानात न ऐकताच जिंकणं आणि ब्रिटिश कोर्टात न ऐकताच हरणं, असं तिचं चाललं होतं.

1896 मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात ती आरोपीच्या वतीनं ब्रिटिश न्यायाधीशापुढं उभी राहिली. फौजदारी कायद्यात एक फट होती. कोर्टाची परवानगी असेल तर आरोपीच्या वतीनं सनद नसलेली व्यक्तीही बोलू शकत असे. त्या फटीतून ती आत शिरली आणि आरोपीची सुटका झाली. मग काय, पात्रता कमी पडतेय म्हणता ना, घ्या अजून पात्रता! 1897 मध्ये तिनं मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली. 1899 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तीही पास. आणि हायकोर्टानं तिचं नाव वकिलांच्या यादीत घ्यायला नकार दिला. कारण? तेच ते!

आता तिनं वेगळी वाट धरली. वकील म्हणून घेत नाही, तर निदान ज्या कामासाठी पुरुष वकील चालतच नाही ते काम तरी द्या, अशी मागणी तिनं सरकारकडे लावून धरली. इथं ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. नावात कोर्ट असलं तरी ते खटले चालवणारं कोर्ट नव्हे, प्रांतिक सरकारचं खातं होतं. जमीनदार वारला आणि वारस अज्ञान असला किंवा इस्टेट बाईच्या हाती आली, तर ती इस्टेट सरकार ताब्यात घेऊन चालवी. वसुली, कर्जफेड, वारसाचं शिक्षण, विधवेचा तनखा, सगळं या खात्याकडे. बंगालमध्ये त्यासाठी 1879 चा कायदा होता. खात्यातले अधिकारी सगळे पुरुष. ज्या राणीसाहेबांची इस्टेट, त्या पडद्याआड. त्यांचं म्हणणं पडद्यातून बाहेर यायचं ते कारभाऱ्याच्या किंवा भाऊबंदांच्या तोंडून. आणि बहुतेक वेळा तक्रार असायची ती याच मंडळींविरुद्ध! अंगठा कशावर उठवला हे त्या बाईला पुष्कळदा माहीतही नसे. यंत्रणेत इनपुटच चुकीचा जात असेल तर आउटपुट काय बरोबर येणार?

कॉर्नेलियाचं म्हणणं साधं होतं. या बायकांना समोरासमोर भेटू शकेल, कागद वाचून त्याचा अर्थ त्यांना सांगेल आणि त्यांचं खरं म्हणणं सरकारपर्यंत पोचवेल अशी कायदा जाणणारी बाई सरकारनं नेमावी. 1902 पासून तिनं त्याचा पाठपुरावा केला. अखेर 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे ‘लेडी असिस्टंट’ म्हणून तिची नेमणूक झाली. तेव्हा ती 37 वर्षांची होती. पदवी घेऊन दीड दशक उलटलं होतं.

हुद्द्याचं नाव नीट वाचा. लेडी असिस्टंट! वकील नाही, कायदा सल्लागार नाही. जी अडचण म्हणून तिला सगळीकडे नाकारलं, तीच इथं पात्रता झाली. बाई आहे म्हणून वकिली नाही आणि बाई आहे म्हणून ही नोकरी. दार उघडलं खरं, पण ते पुढचं नव्हतं, माजघराचं होतं. त्यात समाधान मानायचं की चिडायचं? तिनं बहुधा दोन्ही केलं, आणि कामाला लागली.

काम तरी कसलं! बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम एवढा मुलूख. आगगाडी, होडी, पालखी, कधी हत्ती, मिळेल त्या वाहनानं ती गढ्या आणि वाडे गाठायची. दत्तक कुणाला घ्यायचं, तनखा का थकला, दागिन्यांची पेटी कुठं गेली, लहान राजकुमाराला कुठल्या शाळेत घालायचं, सासू-सुनेत समेट कसा करायचा, वारसाच्या जिवाला धोका आहे की ती नुसती भीती आहे... कायदा, हिशेब, औषधपाणी आणि घरातली भांडणं, सगळं एकाच टेबलावर! 1922 पर्यंत तिनं ही नोकरी केली. 600 हून अधिक स्त्रिया आणि मुलांना तिनं मदत केली असं मानलं जातं. कित्येकांचं काम तर एक पैसाही न घेता. 1909 मध्ये सरकारनं तिला ‘कैसर-ए-हिंद’ सुवर्णपदक दिलं. पदक द्यायला तयार, सनद द्यायला नाही, असा हा सगळा मामला.

सनदेची लढाई आता इतर मुलींनीही सुरू केली होती. 1916 मध्ये रेजिना गुहा या तरुणीनं कलकत्त्यात अर्ज केला. तिच्या बाजूचा मुद्दा बिनतोड वाटतो. कायद्यात ‘तो’ असं लिहिलं असलं तरी त्यात ‘ती’ सुद्धा धरायची, असा सर्वसाधारण नियम इंग्रजांच्याच कायद्यात होता. तरी हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी नकार दिला. वकिलीचा कायदा करताना बायका वकील होतील असं करणाऱ्यांच्या मनात नव्हतं, असा त्याचा मथितार्थ. 1921 मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हजरा यांचा अर्जही फेटाळला गेला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टानं कॉर्नेलियाचं नाव यादीत घातलं. ज्या कोर्टाची परीक्षा तिनं 1899 मध्ये दिली होती तेच हे कोर्ट. मधे 22 वर्षं गेली. 1923 मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला वकिलीपासून अडवता येणार नाही असं ठरलं. त्यानंतर मुंबई हायकोर्टात मिठान टाटा, म्हणजे पुढच्या मिठान लाम, वकिली करू लागल्या.

इंग्लंडमध्येही दरम्यान बदल झाला होता. 1919 च्या कायद्यानं तिथं बायकांना वकिली खुली झाली आणि 1920 मध्ये ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायचं कबूल केलं. 1922 मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला गेली आणि आपली बी.सी.एल. घेऊन आली. परीक्षा 1892 ची, पदवी 1922 ची. तीस वर्षांचं बॅकलॉग म्हणावं तर ते तिचं नव्हतं, विद्यापीठाचं होतं! लंडनच्या लिंकन्स इनमधून ती बॅरिस्टरही झाली.

इथं सिनेमा असता तर शेवट गोड झाला असता. पण कलकत्त्याला परत येऊन वकिली सुरू केल्यावर तिला कळलं की कायदा बदलला तरी माणसं तीच आहेत. खटल्यावर लेखी मत द्यायची कामं तिच्याकडे यायची, कोर्टात उभं राहून बोलायचं काम पुरुषांकडे जायचं. आत्ता कुठं दार उघडलं होतं आणि तिची पन्नाशी उलटून गेली होती. 1929 मध्ये तिनं निवृत्ती घेतली आणि लंडनला मुक्काम हलवला. 1934 मध्ये तिचं आत्मचरित्र ‘इंडिया कॉलिंग’ प्रसिद्ध झालं. 6 जुलै 1954 रोजी वयाच्या 87 व्या वर्षी लंडनमध्येच तिचं निधन झालं.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. कॉर्नेलिया ब्रिटिश राज्याची कट्टर पाठीराखी होती. गांधीजींच्या असहकाराला तिनं उघड विरोध केला. 1927 मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकानं देशभर संताप उसळला, तेव्हाही तिनं मेयोची बाजू घेतली. ज्या सरकारनं तिला आयुष्यभर दाराबाहेर ताटकळत ठेवलं त्याच सरकारवर तिची निष्ठा! लोकांनी तिला पुढं विसरून टाकलं त्यामागं हेही एक कारण असावं. आपल्याला ही मतं पटत नाहीत आणि पटायची गरजही नाही. पण ज्याची मतं पटत नाहीत त्याच्यावर झालेला अन्याय हा अन्यायच असतो. नोकरीत समान संधी ही काही आवडत्या माणसांना द्यायची बक्षिशी नाही.

आता कुणी म्हणेल, झालं गेलं, तो इंग्रजांचा काळ होता. आपली राज्यघटना 1950 मध्ये आली. तिच्या 16 व्या कलमात सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही असं स्वच्छ लिहिलं आहे. बरोबर आहे. पण परराष्ट्र सेवेचे नियम माहीत आहेत? 1949 मध्ये त्या सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा. त्या सेवेत बाईला लग्न करायचं तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्कच नव्हता. पुरुषांना मात्र असलं काही नाही. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. म्हणजे घटना येऊनही जवळजवळ तीस वर्षं नियमाच्या पुस्तकात लग्नाचा तोच जादा प्रश्न छापलेला होता! आज तो छापलेला नसतो, तोंडी विचारला जातो, एवढाच फरक.

लंडनच्या लिंकन्स इनमध्ये 2012 मध्ये कॉर्नेलियाचा अर्धपुतळा बसवण्यात आला. नाशिकला जन्मलेली आणि पुण्याला शिकलेली ही मुलगी आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? डेक्कन कॉलेजच्या रस्त्यानं आपण किती वेळा गेलो असू!

मला तिच्या गोष्टीत सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? तिला नाकारणारे सगळेच दुष्ट नव्हते. स्कॉलरशिप नाकारणारे, पदवी अडवणारे, अर्ज फेटाळणारे बहुतेक जण सभ्य, शिकलेले, आपलं काम नियमानं करणारे होते. नियम करताना कुणाला वगळलं गेलंय हे त्यांना दिसलं नाही, आणि दाखवून दिलं तेव्हा नियम बदलण्यापेक्षा माणूस परत पाठवणं त्यांना सोपं वाटलं. उद्या आपल्यातलेच काही जण त्या टेबलाच्या पलीकडे बसणार आहेत. कुणी नगरपालिकेत, कुणी पीडब्ल्यूडीत, कुणी कंपनीत. समोर एखादी मुलगी फाइल घेऊन बसेल. मार्क चांगले असतील, प्रोजेक्ट चांगला असेल. तेव्हा तो जादा प्रश्न जिभेवर आलाच, तर मित्रांनो, कॉर्नेलियाला आठवा आणि त्याऐवजी थर्मोडायनॅमिक्सचा एखादा अवघड प्रश्न विचारा. तिला येत असेल तर ती उत्तर देईल.